पहाटे चार बावन्नचा क्लिक

जानेवारीतल्या एका सोमवारी मी वहीत तीन आकडे एकाखाली एक लिहिले. आदल्या आठवड्यात माझ्या साइटवरच्या लिंक दाबून किती वाचक दुकानांकडे गेले, त्याचे. गूगल अ‍ॅनालिटिक्स म्हणत होतं ६४. दुकानांच्या वतीने कमिशन देणाऱ्या अफिलिएट नेटवर्कच्या डॅशबोर्डवर १०९ दिसत होते. आणि लिंक वळवण्यासाठी मी साइटला जे प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, बसवलं होतं, त्याच्या हिशेबी ३८७. आठवडा तोच, साइट तीच. खरं कोणाचं मानायचं?

मी नाशिकला इंदिरानगरात राहते. माहेर पिंपळगाव बसवंतच्या अलीकडे, घरची द्राक्षबाग. बागेत लागणाऱ्या लहानसहान उपकरणांविषयी मी मराठीत लिहिते. रिफ्रॅक्टोमीटरने ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, कशी बघायची, फवारणीच्या पाण्याचा पीएच मोजायला कागदी पट्टी पुरते की मीटर घ्यावा, छाटणीची कोणती कात्री दिवसभर धरली तरी हात भरून येत नाही, कमाल-किमान तापमापक बागेत किती उंचीवर टांगायचा. लेखात वस्तूची लिंक देते. तिथून कुणी खरेदी केली तर मला थोडं कमिशन मिळतं. त्यातून होस्टिंगचा खर्च निघतो आणि वर्षाकाठी दोन-तीन नवी उपकरणं विकत आणून स्वतः तपासता येतात. मला तेवढं पुरतं.

त्या सोमवारी मी तापमापकाचा लेख काढून टाकायच्या बेतात होते. अ‍ॅनालिटिक्समध्ये त्यावरचे क्लिक शून्य होते. महिनाभरात एकही नाही. तो लेख लिहायला मला दोन हिवाळे लागले होते. निफाडकडे पारा उतरला की आमच्या सगळ्या पट्ट्यात बागायतदार रात्र जागून काढतात. शेकोट्या पेटवतात, पहाटे ठिबक सोडतात, कारण मणी फुगायचा थांबतो आणि तडे जायची भीती असते. अशा वेळी बागेतलं तापमान आणि फोनवरच्या हवामानाच्या अ‍ॅपमधलं तापमान यांत दोन-तीन अंशांचा फरक पडतो, हे मी स्वतः मोजून लिहिलं होतं. आणि त्याच लेखावर शून्य? मला ते पटेना. काढायच्या आधी मोजणीच तपासून बघायची ठरवली.

सुरुवात अ‍ॅनालिटिक्सपासून केली. गूगल अ‍ॅनालिटिक्सला थोडक्यात जीए म्हणतात. आमच्या भागात जीए म्हटलं की आधी जिबरेलिक अ‍ॅसिड हे संजीवक आठवतं. डिपिंगच्या वेळी, म्हणजे घड त्याच्या द्रावणात बुडवताना, पीपीएम (प्रमाण) चुकलं तर आठवड्याभरात घडावर दिसतं. या दुसऱ्या जीएचं तसं नाही. मोजणी चुकली तरी आकडा स्वच्छ, नीटनेटका येतो, शेजारी आलेखही असतो, त्यामुळे शंकाच येत नाही. जुलै २०२३ मध्ये जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स बंद झालं तेव्हापासून मी चौथ्या आवृत्तीवर आहे. तिच्यात एन्हान्स्ड मेजरमेंट नावाची सोय चालू ठेवली की बाहेर जाणाऱ्या लिंकवरचा क्लिक आपोआप नोंदला जातो. मी ती चालू केली होती आणि निश्चिंत झाले होते.

पण ‘बाहेर’ याचा अर्थ मी नीट वाचला नव्हता. बाहेर म्हणजे आपल्या डोमेनच्या बाहेर. माझ्या बऱ्याच लिंक मी प्लगइनमधून वळवलेल्या होत्या. म्हणजे लेखात दिसणारा पत्ता माझ्याच डोमेनचा, छोटा आणि लक्षात राहणारा. त्यावर दाबलं की माझा सर्व्हर वाचकाला दुकानाच्या लांबलचक पत्त्यावर पाठवतो. गूगलच्या दृष्टीने तो वाचक माझ्याच घरात या खोलीतून त्या खोलीत गेला. त्यामुळे तापमापकाची लिंक मोजलीच जात नव्हती. शून्य क्लिक म्हणजे क्लिक झाले नाहीत असं मी धरून चालले होते आणि त्या चुकीच्या समजापायी एक चांगला लेख जाणार होता.

मग ते ६४ आले कुठून? ते अ‍ॅमेझॉनच्या थेट लिंकचे होते. तेही पुरते खरे नव्हते. अंबडला वेबसाइटची कामं करणारा एक ओळखीचा मुलगा आहे, त्याने मला अ‍ॅनालिटिक्समधलं डीबगव्ह्यू, म्हणजे नोंदी येताना दाखवणारं पान, उघडून समोर बसायला सांगितलं आणि त्याच्या फोनवरून एका लिंकवर एकदाच दाबलं. पडद्यावर त्याच क्षणी दोन नोंदी पडल्या. “ताई, तुमच्या थीममध्ये गूगलचा कोड आहे आणि टॅग मॅनेजरमधूनही तोच टॅग लावलाय,” तो म्हणाला. थीम म्हणजे साइटचा साचा, आणि टॅग मॅनेजर म्हणजे मोजणीचे कोड एका ठिकाणाहून लावायचं गूगलचं साधन. थीम बदलली तेव्हा तिच्या सेटिंगमध्ये अ‍ॅनालिटिक्सचा मापन क्रमांक भरायची जागा होती. मी तो भरला होता आणि टॅग मॅनेजरमधला जुना टॅग काढायचा विसरले होते. ६४ चे ३२ झाले. वर्षभर प्रत्येक क्लिक दुप्पट धरून मी कुठला लेख चालतो, कुठला नाही, ते ठरवत आले होते.

आता नेटवर्कचे १०९. त्यांच्याकडून आलेला एक बॅनर मी प्रत्येक लेखाच्या शेवटी लावला होता. त्यांनी दिलेला तुकडा पानात चिकटवला की ठिबकच्या फिल्टरची किंवा फवारणी पंपाची जाहिरात दिसायची. ही जाहिरात आयफ्रेममध्ये येते. आयफ्रेम म्हणजे आपल्या पानाला पाडलेली खिडकी. खिडकीपलीकडचं घर दुसऱ्याचं. वाचक त्या खिडकीत काय दाबतो हे ब्राउझर आपल्या पानाला कळू देत नाही. हा सुरक्षेचा नियम आहे आणि असायलाच हवा. नाहीतर बँकेचं पान अशाच चौकटीत उघडून कुणीही त्यातला मजकूर वाचला असता.

त्यावर एक जुगाड असतं. पानाचा फोकस, म्हणजे ब्राउझरचं पानावरचं लक्ष, सुटला आणि त्या क्षणी सक्रिय घटक ती आयफ्रेमच असेल, तर जाहिरातीवर दाबलं असं समजायचं. मी ते दोन आठवडे लावून पाहिलं. कुणी चौकटीत नुसतं बोट टेकवलं तरी क्लिक धरला जायचा. उलट एकदा दाबून परत आलेल्या माणसाने पुन्हा दाबलं तर फोकस आधीच आत असल्यामुळे दुसरा क्लिक निसटायचा. म्हणजे कधी जास्त, कधी कमी, आणि किती ते सांगता येत नाही. हा पर्याय मी कुणाला सुचवणार नाही. शेवटी बॅनर काढला, पंपाचा मीच काढलेला फोटो लावला आणि त्याला नेटवर्कची साधी लिंक दिली. फोटोत दादाच्या शेडमधला पंप आहे, पट्टा उसवलेला. तो बॅनरपेक्षा चांगला दिसतो हे मला मनापासून वाटतं.

राहिले प्लगइनचे ३८७. होस्टिंगच्या सी-पॅनेलमधून सर्व्हरचा कच्चा लॉग, म्हणजे आलेल्या प्रत्येक विनंतीची नोंद, उतरवून घेतला आणि दोन रात्री ओळ न् ओळ वाचली. प्रत्येक ओळीत वेळ असते, मागितलेला पत्ता असतो आणि शेवटी मागणाऱ्याची ओळख, म्हणजे युजर एजंट. निम्म्याहून जास्त ओळी माणसांच्या नव्हत्याच. गूगलबॉट, बिंगबॉट, शोधात साइट वर आणायची (एसईओ) कामं करणाऱ्यांचे क्रॉलर. हे साइटी आपोआप चाळणारे प्रोग्राम. काही ओळींत फक्त ‘हेड’ विनंती होती. लिंक जिवंत आहे का एवढंच बघून गेलेले ते प्रोग्राम. काही ओळींत ‘व्हॉट्सअ‍ॅप’ असं लिहिलेलं. कुणी माझी लिंक गटात पाठवली की पाठवणाऱ्याच्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप खालची छोटी चौकट, चित्र आणि मथळा, तयार करण्यासाठी त्या पत्त्यावर जाऊन येतं. प्लगइन तोही क्लिक धरत होतं. हे सगळं वजा केल्यावर ११६ उरले.

११६ आणि नेटवर्कचे १०९. जवळ आले की! त्या रात्री मला वाटलं, झालं काम. पण झोपताना लक्षात आलं की हे जुळणं खोटं आहे. नेटवर्कच्या १०९ मध्ये बॅनरचे क्लिकही होते आणि ते प्लगइनला दिसतच नाहीत. म्हणजे ते वजा केले तर नेटवर्कचा आकडा आणखी खाली जाणार. दोन वेगवेगळ्या गोष्टींची बेरीज योगायोगाने शेजारी आली होती. मला हा टप्पा सगळ्यात धोक्याचा वाटतो. आकडे जुळले की माणूस शोधायचं थांबवतो.

पुढच्या रविवारी मी पिंपळगावला गेले. आग्रा रोडने ओझर मागे टाकलं की दोन्ही बाजूंना बागा सुरू होतात. जानेवारीत मण्यांत पाणी उतरायला लागलेलं असतं, काही बागांवर कागद लावलेले. दादा ओट्यावर बसला होता. मी त्याला म्हटलं, “दादा, माझी साइट उघड आणि तुला तापमापक घ्यायचाय असं समजून जे करशील ते कर. मी काही बोलणार नाही.”

त्याने फोन काढला. काचेला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यावर फवारणीचा पांढुरका थर. लेख उघडायला वेळ लागला. आधी मजकूर आला, मग चित्रं. मजकूर आल्या आल्या त्याने अंगठ्याने सरकवत लिंक गाठली आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला. वर यादी उघडली. त्यातलं ‘नवीन टॅबमध्ये उघडा’ निवडलं.

मी न बोलायचं ठरवलं होतं तरी विचारलं, “असं का रे? साधं दाब ना.”

“अगं, साधं दाबलं की हे पान जातं. मग परत यायला पुन्हा रेंज लागते. इथं कुठे रेंज आहे?”

मी ओट्यावर तशीच बसून राहिले. माझे बहुतेक वाचक दादासारखेच आहेत. दाबून धरून नवीन टॅब उघडला की पानाला ‘क्लिक’ असा संकेत जातच नाही, त्यामुळे अ‍ॅनालिटिक्सची स्क्रिप्ट तो पकडू शकत नाही. संगणकावर माउसचं मधलं बटण वापरणाऱ्यांचंही तेच. त्याचा संकेत वेगळा असतो. आणि कमी रेंजमध्ये मजकूर आधी येतो, मोजणारी स्क्रिप्ट मागून. ती पोहोचायच्या आत वाचक दाबून निघून गेला तर त्याची नोंद कुठेच नाही. ज्यांच्यासाठी लिहिते तेच वाचक माझ्या मोजणीत सगळ्यात कमी दिसत होते.

मग आम्ही कागदावर मोजायचं ठरवलं. त्यासाठी मी माझ्याच साइटवरच्या एका कोऱ्या पानाकडे जाणारी चाचणीची लिंक बनवून ठेवली होती. आपल्या साइटवरच्या खऱ्या जाहिराती आपणच दाबायच्या नाहीत, घरच्यांकडूनही दाबून घ्यायच्या नाहीत. गूगलच्या अ‍ॅडसेन्ससारख्या जाहिरात सेवेत त्यावरून खातं बंद होतं, आणि अफिलिएट नेटवर्कच्या आकड्यांतही आपल्या हाताने कचरा मिसळणं बरं नाही. दादाचा फोन, वहिनीचा फोन, दोन्हीवर मिळून २० वेळा. दहा वेळा साधं दाबायचं, पाच वेळा दाबून धरायचं, पाच वेळा पान नव्याने उघडून मजकूर दिसताक्षणी दाबायचं. वहिनी वहीत रेघा मारत होती, बाजारात क्रेट मोजताना मारतात तशा, चार उभ्या आणि पाचवी आडवी.

वीस रेघा झाल्या. अ‍ॅनालिटिक्समध्ये शून्य, ते अपेक्षितच होतं. पण सर्व्हर लॉगमध्ये फक्त दोन. एका फोनचा एक, दुसऱ्याचा एक.

मी हादरले. जो लॉग मी सगळ्यात विश्वासाचा समजत होते, त्यानेच अठरा क्लिक खाल्ले होते. कारण सापडलं ते नाशिकला परत आल्यावर. लिंक वळवताना सर्व्हर ब्राउझरला एक क्रमांक पाठवतो. ३०१ म्हणजे पत्ता कायमचा बदलला. ३०२ म्हणजे तूर्त तिकडे जा. प्लगइनमध्ये मी ३०१ निवडलं होतं. कायमचं म्हणजे पक्कं, असं वाटून. पण ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी त्याच लिंकवर दाबलं की तो माझ्या सर्व्हरला न विचारता परस्पर दुकानात जातो. त्याचं बरोबरच आहे, पत्ता कायमचा बदललाय असं मीच सांगितलं होतं. जो शेतकरी तीनदा येऊन वस्तू बघून गेला, घरात विचारून पुन्हा आला, तो माझ्याकडे एकदाच मोजला जात होता.

दुरुस्ती सोपी निघाली. सगळ्या लिंक ३०२ वर आणल्या, सोबत उत्तर साठवून ठेवू नये अशी ‘नो-स्टोअर’ची सूचना जोडली. जुन्या वाचकांच्या फोनमध्ये आधीचं ३०१ बसलेलं होतं, म्हणून महत्त्वाच्या लिंकना नवी नावंही दिली. टॅग मॅनेजरमध्ये या वळवलेल्या लिंकसाठी वेगळा इव्हेंट, म्हणजे क्लिकची वेगळी नोंद, बनवला आणि त्यात लेखाचं नाव व लिंकची जागा जाईल असं केलं. ही माहिती अहवालात दिसायला कस्टम डायमेन्शन, म्हणजे अहवालातला आपला स्वतःचा रकाना, आधी नोंदवावं लागतं. नोंदवण्याआधीचे दिवस मागे जाऊन भरून निघत नाहीत. मी ते चार दिवस उशिरा केलं आणि ते चार दिवस गेले. बॉट्ससाठी रोबोट्स फाइलमध्ये त्या लिंकच्या फोल्डरला मज्जाव लिहिला. सभ्य क्रॉलर तेवढ्याने थांबतात, बाकीच्यांना युजर एजंट पाहून गाळते.

पुढच्या रविवारी पुन्हा ओटा, पुन्हा वही, नव्या नावाची चाचणी लिंक. वीस रेघा. सर्व्हर २०, अ‍ॅनालिटिक्स १२. दहा साधे सगळे आले, दाबून धरलेले पाचही गेले, घाईच्या पाचातले दोन आले. वहिनी म्हणाली, “आठ कमी आले तरी तुम्ही हसताय!” पण आता ते आठ का कमी आले हे मला माहीत होतं. एकेका रेघेवर बोट ठेवून सांगता येत होतं.

त्यानंतर सर्व्हरचा आकडा मी क्लिक मोजायला वापरते आणि अ‍ॅनालिटिक्स फक्त लेखालेखांची तुलना करायला. नेटवर्कशी पडताळायला सबआयडी जोडते. लिंकच्या शेवटी एक छोटं चिन्ह, ज्यातून लेख आणि लेखातली जागा कळते. तेच त्यांच्या अहवालात उमटतं. त्यामुळे एकूण आकड्याशी झटापट न करता लिंकवार जुळवता येतं. तरी थोडा फरक राहतो, कारण एकाच फोनवरून लागोपाठ आलेले क्लिक ते एकच धरतात. अ‍ॅमेझॉनच्या लिंक मात्र वळवत नाही. वाचकाला आपण अ‍ॅमेझॉनवर जातोय हे लपून राहील अशी लिंक द्यायची नाही, अशी त्यांच्या करारात अट आहे. तिथे प्रत्येक लेखाला वेगळा ट्रॅकिंग आयडी केला, शेवटी २१ असलेला, आणि त्यांच्याच अहवालात बघते. तिथे क्लिकनंतरच्या खरेदीवर कमिशन मिळायची मुदत २४ तासांची. आमच्याकडे लोक रात्री वस्तू बघतात आणि व्यापाऱ्याचं पेमेंट हातात आल्यावर मागवतात. त्यामुळे क्लिक भरपूर आणि विक्री कमी असं दिसलं की लेख वाईट आहे असं आता मी लगेच म्हणत नाही.

वाचकांचे आयपी पत्ते, म्हणजे त्यांच्या फोनचे इंटरनेटवरचे क्रमांक, मी आता पूर्ण साठवत नाही, शेवटचा भाग पुसते. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये झाला, आणि मला कुणाचा माग काढायचाही नाही, मोजायचं आहे. लिंकना ‘स्पॉन्सर्ड’ अशी खूण दिली आणि पहिल्या लिंकच्या वर साध्या मराठीत लिहिलं की इथून खरेदी केली तर मला कमिशन मिळतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये मोबदला उघड करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हाच हे करायला हवं होतं. त्याने क्लिक कमी होत असतील तर होऊ देत.

एक कोडं उरलं होतं. सबआयडीने जुळवतानाही तापमापकाच्या लेखाचे दिवस जुळत नव्हते. माझ्याकडे मंगळवारचे सहा, नेटवर्ककडे सोमवारचे. असं फक्त त्याच एका लेखाचं. बाकीच्या लेखांत फरक जेमतेम. मी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि मग वेळेकडे पाहिलं. नेटवर्कचा अहवाल यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो. आपल्याकडे पहाटे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे नवा दिवस उजाडतो. त्याआधीचा प्रत्येक क्लिक त्यांच्याकडे कालच्या तारखेत जातो. रिफ्रॅक्टोमीटरचा लेख लोक दुपारी, रात्री वाचतात. तापमापकाचा पहाटे.

त्यानंतर मी अहवाल उतरवून त्यात साडेपाच तास मिळवते, मगच तारीख लावते. अ‍ॅनालिटिक्समधलाही टाइम झोन तपासून भारताचा केला.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला थंडीची शेवटची लाट आली. त्या आठवड्याची यादी माझ्यासमोर आहे. तापमापकाच्या लेखावर २३ क्लिक, त्यातले १७ पहाटे साडेपाचच्या आत. एक चार बावन्नचा, दुसऱ्याच मिनिटाला त्याच फोनवरून आणखी एक. हा दुसरा क्लिक जानेवारीत माझ्याकडे आलाच नसता. लेखात त्या दिवशी मी एक परिच्छेद वाढवला: शेकोटीपासून तापमापक किती लांब टांगायचा, म्हणजे तो जाळाची ऊब न मोजता बागेतली थंडी मोजेल.